हिरवळीतली निळी फुलं: सिला, पुश्किनिया की कायोनोडॉक्सा? ओळख आणि लागवड

मेपलखाली

नमस्कार. ठिकाण: सेंट पॉल, मिनेसोटा. घर मागच्या जुलैत घेतलं, तेव्हा समोरच्या हिरवळीत गवताखेरीज काही दिसत नव्हतं. आता बर्फ वितळतोय तोच मेपलच्या झाडाखालचा साधारण १० बाय १५ फुटांचा पट्टा निळा झालाय.

वर्णन जमेल तितकं नेमकं देते. उंची १२ ते १५ सेंमी. एका रोपाला दोनच पानं, जाडसर, मधून पन्हळीसारखी खोलगट. फूल सहा पाकळ्यांचं, जांभळट निळं, मध्ये पांढरं. एका दांड्यावर पाच ते आठ फुलं, तोंडं वर किंवा बाजूला. कुंपणाच्या कडेला मात्र वेगळी दिसणारी काही आहेत: गर्द निळी, मान खाली घातलेली, मध्ये पांढरं अजिबात नाही. पान चुरडलं तर कांद्याचा किंवा लसणीचा वास येत नाही.

फोनवरच्या अ‍ॅपने तीन फोटोंना तीन नावं दिली: सिला, पुश्किनिया, कायोनोडॉक्सा. शेजारी सगळ्यांनाच ‘स्क्विल’ (सिलाचं इंग्रजी नाव) म्हणतात.

प्रश्न असे: नेमकं काय आहे? मेच्या पहिल्या आठवड्यात गवत कापायला सुरुवात होते, तेव्हा काय करायचं? थोडे कंद मागच्या अंगणात हलवायचे तर कधी? आणि घरात दीड वर्षाचं मूल आहे, विषारी आहे का?

परसदार

अ‍ॅप रंग आणि आकार बघतं, आणि या तिघांत तेच सगळ्यात फसवं असतं. एक फूल तोडून हातात घ्या आणि फक्त मधले पुंकेसर बघा. भिंग असेल तर उत्तम, नसलं तरी चालेल.

कायोनोडॉक्सात सहाही केसरांचे दांडे पांढरे, चपटे आणि रुंद असतात. ते एकमेकांना चिकटून उभे राहतात, त्यामुळे फुलाच्या मध्यावर छोटा पांढरा सुळका दिसतो. पण दांडे जुळलेले नसतात, टाचणीने वेगळे करता येतात. पाकळ्या मात्र बुडाशी जुळून आखूड नळी झालेली असते. म्हणजे एक पाकळी ओढली तर ती स्वच्छ सुटून येत नाही, शेजारच्या पाकळीचा तुकडा घेऊन फाटते.

सिला सायबेरिकात पाकळ्या बुडापर्यंत सुट्या असतात, एकेक वेगळी निघते. केसरांचे दांडे बारीक आणि एकमेकांपासून लांब. परागकण निळे. बोट लावून बघा, निळसर राखाडी पूड लागेल. मधमाश्यांच्या पायांवर निळे गोळे दिसले तर आसपास हीच आहे असं समजा.

पुश्किनियात केसरांचे दांडे खरोखरच जुळून एक पांढरी वाटी तयार झालेली असते, आणि परागकोश त्या वाटीच्या आत बसलेले. पाकळ्या जवळजवळ पांढऱ्या, प्रत्येकीच्या मधोमध गडद निळी रेघ. तुमच्या वर्णनात रेघ कुठेच नाही, त्यामुळे पुश्किनिया मी आत्ताच बाद करतो.

माझा अंदाज: मेपलखाली कायोनोडॉक्सा, कुंपणाकडे सिला सायबेरिका. पण केसर बघून सांगा.

कांदेनवमी

परसदार यांच्याशी सहमत. आणखी एक खूण: सिला सायबेरिकाच्या एका कंदातून बरेचदा दोन-तीन, कधी चार दांडे येतात आणि प्रत्येकावर मोजकीच फुलं. कायोनोडॉक्साच्या कंदाला बहुधा एकच दांडा. खणून काढल्यावर कंदाच्या सालीवरूनही कळतं, सायबेरिकाची साल जांभळट, कायोनोडॉक्साची फिकट तपकिरी.

आता कायोनोडॉक्सा म्हटलं तरी कुठली? बाजारात तीन मिळतात. दांड्यावर चारपासून दहा-बारापर्यंत फुलं आणि मधलं पांढरं वर्तुळ ठळक: फोर्बेसी. दांड्यावर एक ते तीनच फुलं, पण आकाराने मोठी, वर तोंड केलेली, रंग फिकट जांभळट, पांढरा भाग लहान: ल्युसिलिए. रंग गर्द निळा, पाकळ्यांवर पांढरं जवळजवळ नाहीच, फक्त केसरांचे दांडे पांढरे: सार्डेन्सिस. पाच ते आठ फुलं आणि मध्ये स्पष्ट पांढरं म्हणजे तुमची फोर्बेसी.

पाकिटावर मात्र ‘ल्युसिलिए’ लिहिलेलं सापडलं तर गोंधळू नका, हा घोळ जुना आहे. जिनिव्हाचे वनस्पतिशास्त्रज्ञ एडमंड बॉसिए यांना १८४२ मध्ये पश्चिम तुर्कस्तानात, इझमीरच्या पूर्वेकडच्या बोझ दाग डोंगरावर वितळत्या बर्फाच्या कडेला हे फूल दिसलं. १८४४ मध्ये त्यांनी पत्नी ल्युसिल हिच्या नावावरून त्याचं नामकरण केलं. पुढे १८७७ मध्ये इंग्रज वनस्पती-अभ्यासक जॉर्ज मॉ यांनी इझमीरजवळच्याच दुसऱ्या डोंगरावरून कंद इंग्लंडला नेले. ती आज फोर्बेसी म्हणून विकतात ती होती, पण बागांमध्ये पसरली ल्युसिलिए या नावाने. खऱ्या ल्युसिलिएला मग व्यापारात ‘जायगँटिया’ हे नाव पडलं. आजही बऱ्याच याद्यांत हीच उलटापालट आहे. विकत घेताना नाव सोडा आणि ‘एका दांड्यावर किती फुलं’ ते वाचा.

त्यातच हल्ली अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ कायोनोडॉक्सा हा प्रकार सिलामध्येच धरतात, म्हणून ‘सिला फोर्बेसी’ असंही दिसेल. त्या हिशेबाने तुमचे शेजारी अगदीच चूक नाहीत.

मेपलखाली

दोघांचेही आभार. मेपलखालच्या फुलात पांढरा सुळका आहे, टाचणीने दांडे वेगळे झाले, पाकळी ओढली तर फाटली. कुंपणाकडच्या फुलात पाकळ्या सुट्या निघाल्या आणि बोटाला निळी पूड लागली. म्हणजे फोर्बेसी आणि सायबेरिका. मेपलखाली एक-दोन झुपके गुलाबी आहेत, ते काय? आणि सगळीकडे गवतापेक्षा किंचित जाड, एकेकटी हिरवी पाती उगवली आहेत, त्यांना फूल नाही.

परसदार

गुलाबी म्हणजे बहुधा ‘पिंक जायंट’, फोर्बेसीचाच वाण. ती एकेकटी पाती मात्र उपटू नका! बियांपासून उगवलेली पहिल्या वर्षाची रोपं आहेत ती. पहिल्या वर्षी एकच सुतळीएवढं पान येतं, लोक गवत समजून काढून टाकतात आणि मग ‘आमच्याकडे पसरत नाही’ म्हणतात. फुलायला तीन-चार वर्षं लागतात.

कापणीबद्दल. फुलं गेली की लगेच यंत्र फिरवलं, तर पुढच्या वर्षीचं फूल आत्ताच कापलं असं समजा. कंदाला वर्षभराचं अन्न साठवायला या पानांचे पाच-सहा आठवडेच मिळतात. पानं पिवळी पडून आडवी झाली की खुशाल कापा. तुमच्याकडे ते मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा असेल. तेवढा पट्टा काठ्या-दोरी लावून वेगळा ठेवा, बाकी हिरवळ नेहमीसारखी कापा. सगळ्या हिरवळीसाठी यंत्राचं पातं वर करून चालवलं तर काम भागतं असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. १५ सेंमीची पानं दहावर आणली तरी तिसरा हिस्सा गेलाच.

बी हवं असेल तर आणखी थोडं थांबावं लागेल. फुलानंतर दांडा जमिनीवर लोळतो, टोकाला मटाराएवढी बोंडं धरतात, ती पिवळसर होऊन उकलली की आत काळपट गोल बी. प्रत्येक बीला एक पांढरा मऊ कण चिकटलेला असतो. तो स्निग्ध असतो आणि मुंग्यांना आवडतो. मुंग्या बी ओढून नेतात, कण खातात, बी टाकून देतात. झाडापासून चार-सहा फुटांवर, दगडी फरशीच्या फटीत जी रोपं निघतात ती याच उद्योगाची. स्वतः पेरायचं तर बी ताजंच पेरा, अर्धा सेंमी मातीखाली, कुंडी बाहेरच ठेवा. हिवाळ्याची थंडी लागल्याशिवाय उगवत नाही. पाकिटात वर्षभर सुकवलेल्या बीचा फारसा भरवसा नाही.

कंद हलवायचे असतील तर दोन वेळा योग्य. पहिली आत्ताच, फुलं ओसरताना, पानं हिरवी असताना. फावडं पूर्ण १५ सेंमी खोल घालून मातीच्या ढेकळासकट झुपका उचला, हाताने तीन-चार भाग करा, त्याच दिवशी नव्या जागी लावून पाणी द्या. पान मलूल होईल, काळजी नको. दुसरी वेळ जूनमध्ये पानं सुकल्यावर, पण तेव्हा कंद कुठे आहेत ते दिसत नाही, म्हणून आत्ताच आइस्क्रीमच्या काड्या रोवून खुणा करून ठेवा. उपसताना हातमोजे घाला, या वर्गातल्या कंदांच्या रसाने काहींना खाज सुटते.

डोंगरकंद

विषाचा प्रश्न राहिला. सिला वर्गातल्या कंदांत हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. आपल्याकडच्या रानकांद्याचं, म्हणजे ड्रिमिया इंडिकाचं, हेच. तो कांदा कुणी भाजीत घालत नाही तो याच कारणाने. कायोनोडॉक्सा त्यामानाने सौम्य समजली जाते, पण खाण्याची वस्तू ती नव्हेच. मुलाने एखादी पाकळी चघळली तर तोंड पुसा, पाणी द्या आणि अमेरिकेतल्या विषबाधा मदत क्रमांकावर, १-८००-२२२-१२२२, फोन करून विचारा. तो मोफत आणि चोवीस तास चालू असतो. खरी काळजी खणलेल्या कंदांची. टोपलीभर कंद ओट्यावर किंवा फ्रिजमध्ये नाव न लिहिता ठेवू नका, लहान सांबार-कांद्यासारखे दिसतात.

याच गुणामुळे खारी आणि चिपमंक (खारीसारखाच छोटा प्राणी) क्रोकस, ट्यूलिपचे कंद उकरून खातात पण यांना सहसा सोडतात. ससे मात्र कधीकधी कळ्या कुरतडतात.

मिशिगनकर

कुंपणाकडच्या सायबेरिकाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. नावात सायबेरिया असला तरी ही मूळची कॉकेशस, दक्षिण रशिया, तुर्कस्तान या भागातली, आणि अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये भलतीच रमली आहे. मिनेसोटा, विस्कॉन्सिनच्या जंगलांत घुसून ती वसंतातल्या स्थानिक रानफुलांची जागा अडवते. तुमच्या कुंपणापलीकडे रान, ओढा किंवा नाला असेल तर माझं मत स्पष्ट आहे: काढून टाका. उपटून भागत नाही, पान तुटतं आणि कंद खाली राहतो. ओल्या मातीत फावड्याने १५ सेंमीपर्यंत उचला, माती चाळा, तांदळाएवढे पिल्लू-कंदसुद्धा वेचा, काळ्या पिशवीत बांधून कचऱ्यात. खताच्या ढिगावर टाकलात तर खताबरोबर बागभर पसरतील. बोंडं उकलण्याआधी, म्हणजे साधारण मे संपायच्या आत, हे काम व्हायला हवं.

कांदेनवमी

रानाच्या कडेला घर असेल तर मान्य. चहूबाजूंनी डांबर आणि काँक्रीट असलेल्या शहरी हिरवळीत एवढी धास्ती नको. फुलं कोमेजली की दांडे तोडून टाकले, बी धरू दिलं नाही, तर पसरणं बरंच आटोक्यात राहतं. फोर्बेसीही पसरते, हे मात्र सांगायला हवं. सायबेरिकाइतका त्रास तिचा ऐकलेला नाही, तरी रानालगत तिलाही मोकाट सोडू नये.

मिशिगनकर

दांडे तोडणं पहिल्या वर्षी सगळे करतात. तिसऱ्या वर्षी कुणी करत नाही.

असो. ज्यांना नव्याने लावायची आहे त्यांच्यासाठी: सप्टेंबर-ऑक्टोबर, मातीचं तापमान १५ अंशांखाली आलं की. खोली ७ ते ८ सेंमी, अंतर तेवढंच, म्हणजे चौरस फुटाला साधारण १५ ते १९ कंद. दहा-वीस कंद विखरून काही दिसत नाही, शंभर एका जागी लावा. हे कंद लहान असतात, कागदी पिशवीत गरम खोलीत महिनाभर राहिले तर सुकून पोकळ होतात. दाबून बघा, टणक असतील तेच घ्या, आणि आल्या आठवड्यात लावून टाका. हिरवळीत लावायचं तर गवताचा चौकोन तीन बाजूंनी कापून चटईसारखा उलटा दुमडा, खालची माती काट्याने सैल करा, कंद टोक वर करून ठेवा, गवत परत पसरून पायाने दाबा, पाणी द्या.

उशिरा, नोव्हेंबरअखेर लावले तर मुळं धरायच्या आत जमीन गोठते. मग गोठणं-वितळणं सुरू झालं की उथळ कंद वर ढकलले जातात आणि मार्चमध्ये मातीवर पडलेले सापडतात. दुसरं नुकसान चिकण मातीत. हिवाळ्याची थंडी यांना मारत नाही, उणे ३५ अंशही सोसतात, पण उन्हाळ्यात झोपलेल्या कंदाभोवती पाणी साचलं की बुरशी लागते. तुषार सिंचन रोज चालतं त्या हिरवळीत त्यामुळेच कंद दरवर्षी कमी होत जातात. मेपलखाली तुमचे सुखात आहेत, कारण मेपलची मुळं उन्हाळ्यात सगळं पाणी ओढून घेतात आणि वसंतात पानं यायच्या आत यांना भरपूर ऊन मिळतं. हाडांचा चुरा घालू नका. गरज नसते, आणि वासाने कुत्री आणि स्कंकसारखे रानटी प्राणी उकरायला येतात.

गच्चीवरून

वाचतेय आणि हेवा वाटतोय. पुण्यात गच्चीवर कुंडीत जमेल का? निदान महाबळेश्वरला? बहीण टोरांटोहून येणार आहे, ती येताना कंद आणू शकेल.

डोंगरकंद

आधी शेवटचं: सामानातून आणू नका. भारतात लागवडीसाठी कंद आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे आयात परवाना आणि निघण्याच्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. विमानतळावर जप्त होतील.

महाबळेश्वरला दोन अडचणी आहेत. फुलाची कळी उन्हाळ्यातच कंदाच्या आत तयार झालेली असते, पण दांडा वाढायला १२ ते १४ आठवडे सलग थंडी लागते, २ ते ९ अंश. महाबळेश्वरची पहाट थंड असली तरी दुपार नसते. त्याहून मोठी अडचण पावसाची. बोझ दागवर जून ते सप्टेंबर जमीन कोरडी असते आणि कंद झोपलेला. आपल्याकडे नेमका त्याच वेळी हजारो मिलिमीटर पाऊस. ऑगस्टमध्ये उकरलात तर बोटाला चिकट लगदा लागेल.

पुण्यात एकदाच फूल बघायची हौस असेल आणि इथल्याच विक्रेत्याकडे रीतसर आयात केलेले कंद मिळाले, तर असं करा. सप्टेंबरच्या शेवटी १५ सेंमीच्या कुंडीत आठ-दहा कंद. माती दोन भाग, पानकुजीचं खत एक भाग, २-४ मिमीची बारीक खडी एक भाग. वर ३ सेंमी मातीचा थर. ओलसर करून, भोकं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात १२ ते १४ आठवडे. त्या कप्प्यात सफरचंद, केळी नकोत. फळातून निघणाऱ्या इथिलीनने कळी आतच जळते. दर पंधरा दिवसांनी माती चाचपा, सुकली तर चमचाभर पाणी. जानेवारीत बाहेर काढून सकाळचं ऊन आणि दुपारी सावली. बोटभर पानं आली की काही दिवसांत फूल, आणि पुण्याच्या जानेवारीत ते आठवडाभरच टिकेल. नंतर कंद टाकून द्यायचा. पुढच्या वर्षी तो फुलवण्याइतकं अन्न फेब्रुवारी-मार्चच्या उकाड्यात साठत नाही.

माझं विचाराल तर याच कुळातले आपले कंद लावा. लेडेबुरिया, जिला पूर्वी सिलामध्येच धरत, ठिपकेदार पानांची असते आणि कुंडीत मजेत वाढते. यांचं घड्याळ उलटं: पावसात वाढ, हिवाळ्या-उन्हाळ्यात झोप, तेव्हा कुंडी आडवी करून कोरडी ठेवायची. दीपकाडीही त्याच घराण्यातली. पण तिच्या काही जाती फक्त कोकणातल्या आणि सह्याद्रीच्या सड्यांवरच उगवतात. कासला किंवा रत्नागिरीच्या सड्यावर जाऊन उपटू नका, रोपवाटिकेत मिळाली तरच घ्या.

थंड देशांत कुंडीत लावणाऱ्यांसाठी एक टीप इथेच: जमिनीत उणे ३५ सोसणारा कंद कुंडीत सोसत नाही, कारण कुंडी चारी बाजूंनी गोठते. कुंडी काठापर्यंत मातीत पुरा, नाहीतर न तापवलेल्या गॅरेजमध्ये ठेवा.

मेपलखाली

कुंपणापलीकडे नाला आहे, म्हणजे सायबेरिका काढायची. फोर्बेसीचे चार झुपके या रविवारी मागच्या अंगणात, घराजवळ हलवते. एक शेवटचं: हिरवळीची देखभाल करणारे लोक येत्या आठवड्यात क्रॅबग्रास (हिरवळीतलं एक गवती तण) उगवू नये म्हणून दाणेदार औषध आणि रुंदपानी तणांसाठी फवारा मारणार आहेत. चालेल का?

परसदार

दाणेदार औषध उगवणारं बी रोखतं, तयार कंदांना त्याचा त्रास नाही. पण दरवर्षी टाकलंत तर नवी रोपं कमी होतील. पसरायला नको असेल तर तुमच्या पथ्यावरच पडेल. फवारा मात्र त्या पट्ट्यावर आत्ता नको. हिरव्या पानांवर पडला तर पानं वाकडी होऊन अकाली वाळू शकतात. त्या लोकांना सांगा की मेपलखाली दोरी बांधलेली जागा सोडायची, आणि तोंडी सांगून थांबू नका, दोरीला ठळक पाटी लावा. पट्ट्यातली तणं हाताने काढा, किंवा पानं पूर्ण वाळल्यावर जूनच्या मध्यानंतर तेवढ्यापुरता फवारा मारून घ्या.